दाजी बसले तेव्हा

आमच्या दाजींना बसलेलं पाहिलेला माणूस अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात शोधून सापडणार नाही, असं मी परवापरवापर्यंत छातीठोकपणे सांगत होतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. त्यांच्या लग्नाचीच गोष्ट घ्या. अंतरपाट धरलेला, भटजी शेवटच्या मंगलाष्टकाला आलेले, लोकांच्या मुठीत अक्षता, करवल्या डोळे पुसायच्या तयारीत, आणि अंतरपाट बाजूला झाला तर पलीकडं नुसताच पाट. नवरदेव गायब! शेवटी सापडले कुठं, तर आचाऱ्याच्या मागं, मुंडावळ्या खांद्यावर टाकून पाण्याच्या टाकीची तोटी आवळताना. "भर मांडवात पाणी वाया चाललंय आन् तुमी सावधान सावधान काय लावलंय?" असं वर त्यांनी भटजींनाच सुनावलं. अक्का गळ्यात हार घेऊन उभी. त्या दिवशी तिनं जी वाट बघायला सुरुवात केली, ती जन्मभर पुरली. लग्नाच्या फोटोत अक्का खुर्चीवर नीट बसली आहे आणि शेजारी एक धुरकट पांढरा ढग आहे. ते दाजी. फोटो काढणारा 'स्थिर राहा' म्हणाला तेव्हा ते निघाले होते.

अकलूजकडच्या एका साखर कारखान्यात दाजी बॉयलरवर फिटर होते. वाफेची गळती हा त्यांचा जन्माचा वैरी. कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही पाहुणे म्हणून जेवायला बसलो की अक्का ताट वाढायची, दाजी उभ्या उभ्याच घास घ्यायचे, आणि एकदम मान वाकडी करून थांबायचे. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची घरघर, ऊस ओतायच्या गव्हाणीची धडधड, लाऊडस्पीकरवर कुणाच्या तरी वाढदिवसाचं गाणं, आणि एवढ्या गदारोळात दाजींना एका सांध्यातून निसटणारी वाफ ऐकू यायची! "सुसू करतंय कुटंतरी," असं म्हणून भाकरीची गुंडाळी हातात घेऊन माणूस चालता व्हायचा. अक्का दारातून ओरडायची, "अवो, घास तरी चावून खावा की!" त्यावर गल्लीच्या टोकावरून उत्तर यायचं, "बॉयलर भुसा चावून खातोय व्हय?" चावणे ही क्रिया त्यांच्या लेखी रिकामटेकड्या लोकांसाठी होती. घास तोंडात गेला की तो खाली गेलाच पाहिजे, मध्ये थांबायचं कारण काय, असा त्यांचा रोखठोक हिशेब.

निवृत्त होऊन जुळे सोलापूर या नव्या वस्तीत घर बांधलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता तरी हा माणूस टेकेल. कसला टेकतोय! बॉयलर गेला आणि अख्खी कॉलनी हाती आली. सोलापुरात पाणी रोज येत नाही, ते आलं की घराघरात सणासारखी धावपळ असते, आणि अशा गावात कुणाच्या नळाचा थेंब गळणं म्हणजे दाजींच्या दृष्टीनं जवळजवळ खूनच. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचं. वायसर, पांढऱ्या टेपचं रीळ आणि एक बुटका पाना असायचा. कुणाच्याही घरी गेले की राम राम नाही, पाणी नाही, तडक न्हाणीघरात. तुम्ही बाहेर चहाचा कप घेऊन उभे, आत ठाकठूक चाललेली. एकदा आमच्या ओळखीत एक म्हातारे गेले. मी आणि दाजी भेटायला गेलो. बायका रडतायत, पुरुषमंडळी खाली मान घालून बसलेली, मी योग्य तो चेहरा करून टेकलो आणि बघतो तर शेजारी दाजी नाहीत. मागल्या बाजूनं पाना आपटल्याचा आवाज. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाचेक मिनिटांनी हात पुसत बाहेर आले आणि म्हाताऱ्यांच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गेलेला माणूस काय आपल्याला थांबवता येत न्हाय. नळ थांबवलाय." तो मुलगा तोवर डोळ्यांतून टिपूस न काढता बसला होता, तो त्यांच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला. आता या माणसावर चिडायचं तरी कसं, सांगा!

चिडायची ती फक्त अक्का. तिची दाजींकडून एकच मागणी होती. साडी नको, दागिना नको, महाबळेश्वर नको. एकदा माझ्याशेजारी बसा आणि ताट संपेपर्यंत उठू नका. एवढं एक सोडून त्यांनी तिला सगळं दिलं.

मागच्या उन्हाळ्यातला रविवार. अक्कानं मटण केलं होतं, कडक भाकरी होती, मीही होतो. मी आणि अक्का बसलेलो, दाजी ताट ओट्यावर ठेवून उभे. भाकरीचा चुरा रश्श्यात कालवून त्यांनी भलाथोरला घास तोंडात घातला आणि नेमकी गल्लीतून आरोळी आली, "पाणी आलंऽऽ!" झालं. तोंडातला घास तसाच अख्खा खाली, हात धोतराला पुसलेला, आणि दाजी मोटर लावायला पळाले. परत आले तेव्हा छातीवर मूठ ठेवून होते.

"काय झालं?" अक्कानं विचारलं.

"काय न्हाय. चोकअप हाय."

घासात हाडाची कपची होती आणि ती आडवी बसली होती. अक्का म्हणाली डॉक्टरकडे चला, मी म्हणालो डॉक्टरकडे चला. दाजी आमच्याकडे असे बघायला लागले, जसं काही आम्ही एका साध्या चोकअपसाठी पुण्याहून इंजिनियर बोलवा म्हणतोय. "पाईप तुंबला तर काय करत्यात? मागनं दाबून ढकलत्यात," असं म्हणून त्यांनी कडक भाकरीचे चांगले मोठे मोठे तुकडे मोडले, एकामागोमाग एक न चावता गिळले आणि वर तांब्याभर पाणी ओतलं. डोळ्यांत पाणी आलं, चेहरा पिळवटला, मग म्हणाले, "गेलं बघ!" गेलं ते खरंच. पण खाली नाही, आडवं. ती कपची अन्ननलिकेच्या भिंतीतून आरपार घुसली होती.

दुसऱ्या दिवशी ताप होता, तरी दाजी एक हात छातीवर दाबून शेजारच्या घराचा फ्लश दुरुस्त करून आले. तिसऱ्या दिवशी सकाळी अक्काचा फोन आला. आवाज इतका बारीक की मी आधी ओळखलाच नाही.

"बाळू, लगेच ये. तुजं दाजी बसल्यात."

मी चप्पल न घालता स्कूटर काढली. दाजी खरोखरच बसले होते. पलंगाच्या कडेवर, दोन्ही हात गुडघ्यांवर, श्वास वरच्या वर. गळा सुजला होता. अक्कानं माझा हात धरून त्यांच्या गळ्यापाशी नेला. "हितं दाबून बघ. मुरमुरं भरल्यागत वाजतंय." खरंच कातडीखाली कुरकुर वाजत होतं. भोकातून निसटलेली हवा तिथवर चढली होती. दाजींचं अन्न आणि हवा बाहेर गळत होती, आणि जन्मात पहिल्यांदा एक गळती त्यांना ऐकू आली नव्हती.

इस्पितळातल्या पोटाच्या डॉक्टर एक बाई होत्या. सोलापूरच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत मागाच्या आवाजात वाढलेल्या, नर्सशी तेलुगूत, आमच्याशी मराठीत आणि मशीनशी इंग्रजीत बोलणाऱ्या. त्यांनी स्कॅन दाखवून सरळ सांगितलं: अन्ननलिकेला भोक पडलंय, बाहेर छातीत पू साठलाय, उशीर झालाय. छाती उघडून ऑपरेशन करता येईल, पण या वयात, या तापात ते झेपेलच असं नाही. त्याआधी दुर्बिणीतून प्रयत्न करू. अक्कानं विचारलं, "आन् नाही जमलं तर?" बाई म्हणाल्या, "तर छाती उघडावीच लागेल." अक्का पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

दाजी मात्र स्ट्रेचरवर पडल्या पडल्या कामाला लागलेले. "मॅडम, भोक हाय न्हवं? मग वेल्डिंग मारा की. त्यात काय एवढं?"

"क्लिप आहे माझ्याकडे काका," बाई म्हणाल्या. "ताजं भोक असतं तर दुर्बिणीतून ती लावून लगेच बंद केलं असतं. पण आता कडा सुजून लिबलिबीत झाल्यात. गंजलेल्या पत्र्यावर वेल्डिंग धरतं का?"

दाजी मग नाइलाजानं म्हणाले, "न्हाय धरत."

"म्हणून आधी हाड काढायचं, घाण ओढून घ्यायची, जागा कोरडी ठेवायची. मग ते भोक आतून आपोआप भरत येईल."

'आपोआप' हा शब्द ऐकून दाजी स्ट्रेचरवर उठून बसायला लागले. "आपोआप? मॅडम, उभा जन्म गळत्यांत गेला माजा. आपोआप थांबलेली एक बी बगितली न्हाय!"

बाईंनी त्यांच्या छातीवर अलगद हात ठेवून त्यांना परत झोपवलं. "पाइपात जीव नसतो काका. तुमच्यात आहे."

हाड निघालं. तोंडातून दुर्बीण घालून बाईंनी भोकापलीकडच्या पोकळीत एक मऊ स्पंज बसवला. त्याची नळी नाकातून बाहेर काढून पलंगाशेजारच्या ओढयंत्राला जोडली. ते यंत्र दिवसभर घुं घुं करत आतली घाण खेचायचं. दर थोड्या दिवसांनी भूल देऊन स्पंज बदलायचा, पोकळी किती आक्रसली ते बघायचं. तोंडानं काही नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. अन्न दुसऱ्या एका बारीक नळीतून थेट आतड्यात. आणि हे असं आठवड्यामागून आठवडे. आमच्या दाजींना, ज्यांना कुणी खुर्चीत बसवू शकलं नव्हतं, त्यांना एका नळीनं पलंगाला बांधून टाकलं होतं!

पहिले काही दिवस त्यांनी यंत्राची सुपरव्हायजरी केली. काटा जरा हलला की घोगऱ्या आवाजात, "सिस्टर, व्हॅक्यूम पडतंय!" सिस्टर धावत यायची, सगळं ठीक असायचं, परत जायची. एके दुपारी यंत्रानं खरोखरच बोंब मारली. बघतो तर दाजींनी सांधा ढिला आहे अशा संशयावरून नळी यंत्रातून उपसून तिला पांढरी टेप गुंडाळायला घेतली होती. टेपचं रीळ त्यांनी इस्पितळाच्या कपड्यात कुठं लपवलं होतं, देव जाणे. सिस्टर वैतागून म्हणाली, "काका, परत हात लावलात तर हात बांधीन!" दाजी अपराधी चेहऱ्यानं म्हणाले, "बरं. पण टेप वाया घालवू नगा."

खरा छळ वेगळाच होता. खोलीतल्या बेसिनचा नळ गळत होता. टप... टप... टप. स्वतःला घोटभर पाणी मनाई, उठायची सोय नाही, आणि डोळ्यांसमोर पाणी वाया चाललेलं. दाजींच्या अंगाची नुसती लाही व्हायची. मी म्हणालो, इस्पितळाच्या माणसाला सांगतो. त्याला सांगितलं, तो 'येतो' म्हणाला आणि आला नाही. शेवटी एका सकाळी मी खोलीत शिरलो तर अक्का पदर खोचून बेसिनपाशी, हातात तो बुटका पाना, आणि दाजी पलंगावरून हुकूम सोडतायत. "उजवीकडं न्हाय, डावीकडं. आगं डावीकडं! घड्याळाच्या उलट. व्हय. आता वायसर काढ. जुनं फेकू नगं, दाव मला." अक्काच्या कपाळावर घाम. आयुष्यात तिनं पान्याला हात लावला नव्हता. पाना ही तिची सवत होती. नवं वायसर बसवून तिनं नळ आवळला. आम्ही तिघं श्वास रोखून ऐकत राहिलो. टपटप बंद. दाजी तिच्याकडे बघून म्हणाले, "झ्याक." एवढंच. पण अक्का अशी लाजली की मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

मग तो वाईट दिवस आला. ताप परत चढला होता. स्पंज बदलून बाई बाहेर आल्या त्या न हसता. पोकळी जशीच्या तशी होती. "अजून एकदा स्पंज घालून बघते. पुढच्या वेळीही अशीच दिसली, तर छातीच्या सर्जनला बोलवावं लागेल." अक्का औषधं आणायला म्हणून गेली आणि बराच वेळ आलीच नाही. दाजींनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"बस की बाळू."

मी बसलो. त्यांनी कधी कुणाला बस म्हटल्याचं मला आठवत नव्हतं.

"तिला सांग," ते म्हणाले, आणि थांबले. यंत्राची घुं घुं चालू होती. "सांग तिला, बरा झालो तर बसून जेवतो. तिच्याजवळ. ताट सपेस्तोवर. मला सांगाया जमत न्हाय."

मी बाहेर आलो. अक्का जिन्यात उभी होती, औषधाची पिशवी छातीशी धरून. मी निरोप सांगितला. मला वाटलं ती रडेल. ती माझ्यावर कडाडलीच. "आता बसून काय करत्यात? बसून बसून जीव गेला की माझा हितं! उठू दे म्हणावं आधी. उठून पळू दे, नळ खोलू दे, कुणाच्या मयताला जाऊन पाना आपटू दे. जेवायचं मी बघते." आणि मग रडली. मीही रडलो, लपवायचं कशाला.

पुढचा स्पंज बदलायला नेलं तेव्हा आम्ही दारापाशी नुसते येरझाऱ्या घालत होतो. बाई बाहेर आल्या, मास्क खाली ओढला, आणि मला त्यांचे दात दिसले. पोकळी निम्म्यानं आक्रसली होती. त्यानंतर त्या पोकळीनं मागं वळून बघितलं नाही, ती आक्रसतच गेली. शेवटी एक बारीकसं छिद्र उरलं, आणि आता कडा घट्ट होत्या, तेव्हा बाईंनी दुर्बिणीतून क्लिप लावून तेही मिटवलं. पण दाजींचा विश्वास बसेना. "पाणी भरून हायड्रोटेस्ट झाल्याबिगार बॉयलर चालू करत न्हाईत," असं त्यांनी बजावलं. बाई म्हणाल्या, "ती माझीही रीत आहे काका." औषधी पाणी गिळायला देऊन एक्स-रेच्या पडद्यावर बघायचं होतं. दाजी पडद्याकडे मान वळवून गिळत होते. रेघ सरळ खाली उतरली, कुठंही फुटली नाही. बाई तोंड उघडणार तोच दाजी ओरडले, "गळती न्हाय!"

"काका, हे मी सांगायचं असतं," बाई म्हणाल्या.

मग अक्कानं स्टीलच्या चमच्यानं त्यांना पाणी पाजलं. साधं पाणी. त्यांनी ते तोंडात धरलं, घोळवलं, डोळे मिटले. एवढ्याशा चमच्याला त्यांनी इतका वेळ लावला की मागं उभी असलेली ती खाष्ट सिस्टरही कामाला जायची विसरली.

आता दाजी घरी आहेत. बरे आहेत. आणि बसतात. पाटावर मांडी घालून, अक्काच्या शेजारी, ताट संपेपर्यंत. प्रत्येक घास असा चावतात, जणू त्यातून काही शोधून काढायचं आहे. कॉलनीतले लोक मला गाठून विचारतात, "काका आले न्हाईत बरेच दिवस, आमचा नळ गळतोय." मी म्हणतो, प्लंबर बोलवा. ते नाराज होतात. खरं सांगायचं तर मीही नाराज आहे. त्यांच्या शेजारी जेवायला बसलो की मलाच चैन पडत नाही. सारखं वाटतं, आता उठतील, आता उठतील.

परवा तिघं जेवत होतो. गल्लीतून आरोळी आली, "पाणी आलंऽऽ!" माझा हात ताटातच थांबला. अक्काचाही. दाजींच्या गुडघ्याला एक झटका बसला, मांडी अर्धी सुटली. मग त्यांनी ती परत घातली आणि चावायला लागले. अक्काच उठली, मोटर लावली, टाकी बघायला गच्चीवर गेली. जरा वेळानं वरून तिचा आवाज आला, "अवो! वरचा कॉक गळतोय वो!"

दाजींचा जबडा थांबला. मान वाकडी झाली. तीच जुनी मान, गव्हाणीच्या धडधडीत वाफ ऐकणारी. मी घास खाली ठेवून वाट बघत राहिलो. दाजींनी वर आढ्याकडे बघितलं, मग पुढ्यातल्या ताटाकडे, आणि शांतपणे भाकरी मोडली.

"सांग तिला," ते म्हणाले, "जेवून येतो."

मी गच्चीवर गेलो आणि अक्काला तसंच्या तसं सांगितलं. हे वाक्य ऐकण्यासाठी तिनं अख्खा संसार काढला होता. तिच्या हातात पाना होता; वायसर बदलायला तर तिला आता येतंच. तिनं पाना बाजूला ठेवला आणि टाकीच्या सावलीत कठड्याला टेकून बसली.

"आजच्या दिवस तरी उठायचं हुतं की रं त्यांनी," ती म्हणाली.

कॉक टपटपत होता. मी अक्काच्या शेजारी बसलो. त्याला हात न लावता आम्ही दोघं जिन्यावर त्यांची पावलं वाजायची वाट बघत राहिलो.